पुढच्या खुर्चीत कोणी हवं का?

डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या विमानाने दिल्लीला उतरलेल्या कित्येक प्रवाशांना पत्ताही नसतो की आपलं विमान वैमानिकाने टेकवलंच नाही. धुकं इतकं दाट असतं की धावपट्टीवर पन्नास-शंभर मीटरपलीकडचं काही दिसत नाही. अशा वेळी डोळ्यांच्या भरवशावर हाताने उतरायला परवानगीच नसते. उतरायचं ते ऑटोपायलटनेच. 'कॅट-थ्री'चं, म्हणजे अशा दाट धुक्यात उतरण्याचं, प्रशिक्षण नसलेले वैमानिक असल्यामुळे विमानं दुसऱ्या शहराकडे वळवावी लागल्याच्या बातम्या हिवाळ्यात हटकून येतात. ते प्रशिक्षण मुख्यतः यंत्राला उतरू कसं द्यायचं आणि ते चुकतंय हे वेळेत कसं ओळखायचं, याचं असतं. विमान टेकतं, लोक फोन चालू करतात, सीटबेल्टचा दिवा विझायच्या आत वरच्या कप्प्यातल्या बॅगांना हात घालतात. याच लोकांना विचारा, की वैमानिक नसलेल्या विमानात बसाल का? बहुतेक जण कानाला हात लावतील.

हे नुसतं माझं अनुमान नाही. यूबीएस या स्विस बँकेने 2017 मध्ये सुमारे आठ हजार लोकांना हाच प्रश्न विचारला होता. 54 टक्के लोकांनी बहुधा बसणार नाही असं सांगितलं, आणि बसू म्हणणारे निघाले 17 टक्के. तिकीट स्वस्त केलं तरी नको, असंही जवळपास निम्म्यांनी सांगून टाकलं. बँकेला यात रस का, तर वैमानिकांशिवाय विमानं उडाली तर या धंद्याचे वर्षाला 35 अब्ज डॉलर वाचतील असा तिचा हिशेब होता. म्हणजे एका बाजूला अब्जावधी डॉलर आणि दुसऱ्या बाजूला प्रवाशाची भीती. तज्ज्ञ मंडळी या भीतीकडे अडाणीपणा म्हणून बघतात. मला ती तितकी अडाणी वाटत नाही.

आधी यंत्र नेमकं काय करतं ते बघू. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला एक अँटेना असते आणि विमान टेकतं त्या जागेच्या बाजूला दुसरी. पहिलीचे रेडिओ संकेत विमानाला सांगतात की तू मध्यरेषेच्या डावीकडे आहेस की उजवीकडे. दुसरीचे सांगतात की तीन अंशांच्या उताराच्या वर आहेस की खाली. विमानाच्या पोटाखालचा रेडिओ अल्टिमीटर जमिनीपासूनची उंची मोजत राहतो. एकाच वेळी दोन किंवा तीन ऑटोपायलट जोडलेले असतात आणि ते एकमेकांवर नजर ठेवतात. ऐन शेवटच्या क्षणी एक बिघडला तरी उरलेले काम पुरं करतात. कॉकपिटमध्ये यांत्रिक आवाज 'फिफ्टी, फॉर्टी, थर्टी' असे फूट मोजतो. नाक किंचित वर उचललं जातं, चाकं टेकतात, आणि मध्यरेषा धरून विमान पळवण्याचं कामही यंत्रच करतं. कॅप्टनचा हात मात्र या सगळ्या वेळात इंजिनाचा जोर ठरवणाऱ्या थ्रस्ट लिव्हरवर असतो. एअरबसमध्ये तर दहा फुटांवर यंत्रच त्याला 'रिटार्ड' असं बजावतं. म्हणजे लिव्हर मागे ओढ. हुकूम यंत्राचा आणि अंमलबजावणी कॅप्टनची!

तेच विमान पावसाळ्यात, आडवा वारा जोरात असताना उतरायचं असेल तर चित्र उलटं होतं. स्वयंचलित उतरण्याला वाऱ्याची मर्यादा असते, बऱ्याच विमानांत 20-25 नॉटच्या आसपास. त्यापलीकडे ऑटोपायलट सोडून हाताने उतरवायचं. धुक्यात माणसाला मनाई आणि वादळी वाऱ्यात यंत्राला. स्वयंचलित टेकणं हे रोजचं काम नव्हेच. बहुतेक वेळा वैमानिक हातानेच उतरतात. पण उड्डाणानंतरची पहिली काही मिनिटं आणि उतरतानाची शेवटची काही मिनिटं सोडली तर मधला सगळा प्रवास ऑटोपायलटच करतो.

आणि ही काही कालपरवाची गोष्ट नाही. 18 जून 1914 रोजी पॅरिसजवळ बझाँ इथे सीन नदीच्या काठी विमानसुरक्षेची स्पर्धा भरली होती. एकवीस वर्षांचा अमेरिकन तरुण लॉरेन्स स्पेरी आपलं कर्टिस बनावटीचं विमान घेऊन परीक्षकांसमोरून गेला, दोन्ही हात वर करून. पुढच्या फेरीला त्याचा मेकॅनिक एमिल काशाँ चालत्या विमानातून बाहेर येऊन पंखावर उभा राहिला. एका बाजूला माणसाचं वजन पडल्यावर विमान कलंडायला हवं होतं; जायरोस्कोपवर चालणाऱ्या यंत्रणेने ते सावरून धरलं. त्याच्याही पुढच्या फेरीला स्पेरी स्वतः दुसऱ्या पंखावर गेला आणि वैमानिकाची खुर्ची रिकामी झाली. विमान सरळ उडत राहिलं आणि स्पेरीला पन्नास हजार फ्रँकचं बक्षीस मिळालं. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला तेव्हा अकरा वर्षंही झाली नव्हती.

1947 मध्ये अमेरिकी हवाई दलाचं सी-54 विमान न्यूफाउंडलंडहून निघून अटलांटिक ओलांडून इंग्लंडमध्ये उतरलं. वाटेत सुकाणूला कोणी हात लावला नाही. 10 जून 1965 रोजी ब्रिटिश युरोपियन एअरवेजचं ट्रायडेंट विमान पॅरिसहून प्रवासी घेऊन आलं आणि लंडनच्या हीथ्रोवर आपलं आपण टेकलं. लंडनच्या धुक्याने त्या कंपनीचं हिवाळ्याचं वेळापत्रक दरवर्षी कोलमडायचं, म्हणून ही यंत्रणा उभी राहिली. थोडक्यात, 'यंत्राला विमान चालवता येतं का' या प्रश्नाचं उत्तर साठ वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे. प्रवाशाचा प्रश्न वेगळा आहे. बिघडलं तर काय, हे तो विचारतोय.

घाटात एसटी वळणावर दरीच्या कडेने जाते तेव्हा आतले पन्नास जण निवांत झोपलेले असतात. ड्रायव्हरचा परवाना कोणी तपासलेला नसतो. पण गाडी दरीत गेली तर सगळ्यांच्या आधी तोच जाणार आहे, हे प्रत्येकाला न सांगता कळतं. वैमानिकावरचा विश्वास बराचसा याच जातीचा आहे. त्याने किती तास उड्डाण केलंय, सिम्युलेटरच्या परीक्षेत त्याला किती गुण मिळाले, हे आपण विचारत नाही. त्यालाही घरी जायचंय, एवढं पुरतं. जमिनीवर खोलीत बसून दुरून विमान चालवणारा माणूस कितीही तरबेज असो, संध्याकाळी तो आपल्या घरी जाणारच आहे. विमान पोचो न पोचो.

अर्थात या हिशेबालाही भगदाड आहे. 24 मार्च 2015 रोजी जर्मनविंग्सच्या विमानात कॅप्टन बाहेर गेल्यावर को-पायलटने कॉकपिटचं दार आतून लावून घेतलं आणि विमान फ्रेंच आल्प्सच्या डोंगरावर नेऊन आदळलं. 150 माणसं गेली. तोही त्यांच्यासोबतच गेला, पण त्याला घरी जायचं नव्हतं. ते दार तसं भक्कम कशासाठी केलं होतं? तर 11 सप्टेंबर 2001 नंतर अपहरणकर्त्यांना रोखण्यासाठी.

विमान अपघातांत 70 ते 80 टक्के वाटा मानवी चुकीचा, हा आकडा स्वयंचलनाच्या बाजूने नेहमी पुढे केला जातो. आकडा ढोबळमानाने बरोबर असला तरी त्यावरून काढलेला निष्कर्ष लंगडा आहे. वैमानिकाने चूक केली की अपघात होतो आणि त्याची नोंद होते. यंत्राने चूक केली आणि वैमानिकाने ती सावरली, की विमान वेळेवर पोचतं. त्याची फार तर देखभाल विभागाच्या वहीत एक ओळ पडते. न झालेल्या अपघातांची मोजदाद कुठेच नसते. एकाच बाजूची जमा मांडलेला हा ताळेबंद कुठल्याही सनदी लेखापालाने परत पाठवला असता.

मुंबईकरांना आठवत असेल असा एक अपघात इथे मुद्दाम सांगतो, कारण माणूस आणि यंत्र यांच्यात खोटं कोण बोलतंय हे ठरवणं किती अवघड असतं, हे त्यात दिसतं. 1 जानेवारी 1978 ची रात्र. एअर इंडियाचं पहिलं जंबो, 'एम्परर अशोका', सांताक्रूझहून दुबईला निघालं. विमान पश्चिमेला समुद्रावर गेलं. मागे मुंबईचे दिवे राहिले आणि पुढे नुसता काळोख, क्षितिज नाही. उजवीकडे एक साधं वळण घेऊन विमान सरळ झालं, पण कॅप्टनसमोरचं विमानाचा कल दाखवणारं उपकरण उजव्या कलावरच अडकून बसलं होतं. विमान अजून उजवीकडे झुकलंय असं समजून तो ते डावीकडे वळवत राहिला. को-पायलटसमोरचं तसंच उपकरण शाबूत होतं. तिसरं, राखीव उपकरणही होतं. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने कॅप्टनचं लक्ष वेधायचा प्रयत्न केला, पण तोवर वेळ हातची गेली होती. उड्डाणानंतर अवघ्या 101 सेकंदांत विमान वांद्र्यापासून तीनेक किलोमीटरवर समुद्रात कोसळलं. आतले 213 जण गेले.

यात दोष कोणाचा? उपकरण बिघडलं हे खरं. बाकीची दोन उपकरणं न बघता एकावरच विसंबणं ही माणसाची चूक, हेही खरं. आजचा संगणक तीन उपकरणांची तुलना करून खोटं बोलणारं वेगळं काढतो आणि त्या रात्री त्याने बहुधा विमान वाचवलं असतं. स्वयंचलनाची बाजू घेणाऱ्यांना यापेक्षा चांगला पुरावा मिळायचा नाही.

पण चाळीस वर्षांनी नेमकी उलटी गोष्ट घडली. बोइंग 737 मॅक्समध्ये नाक आपोआप खाली दाबणारी एमकॅस नावाची प्रणाली बसवली होती आणि ती विमानाच्या नाकाजवळच्या एकाच संवेदकाचं ऐकून काम करायची. तो संवेदक चुकला की प्रणाली विमान जमिनीकडे ढकलत राहायची. वैमानिक वर ओढतोय आणि यंत्र खाली दाबतंय. ऑक्टोबर 2018 मध्ये इंडोनेशियात लायन एअरचं आणि मार्च 2019 मध्ये इथिओपियन एअरलाइन्सचं विमान असं पडलं. दोन्ही मिळून 346 जीव गेले. पहिला अपघात होईपर्यंत अशी काही प्रणाली आपल्या विमानात आहे, हेच बहुतेक वैमानिकांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या पुस्तिकेत तिचा उल्लेख नव्हता. म्हणजे यंत्राची चूक ही शेवटी कुठल्या तरी कचेरीत बसलेल्या माणसांचीच चूक असते. फरक इतकाच, की ती माणसं विमानात नसतात.

आणि अर्धवट स्वयंचलनाचा धोका तर आणखी निराळा. रिओहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्स 447 मध्ये 1 जून 2009 रोजी वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाने बुजल्या. ऑटोपायलटला काही सुचेना, म्हणून त्याने नियमानुसार सुकाणू माणसांच्या हातात दिलं आणि स्वतः बाजूला झाला. अंधारात, वादळी ढगांत, तासन्‌तास नुसतं पाहत बसलेल्या माणसांना एकदम विमान हाती आलं. एकाने नाक वर ओढून धरलं, विमान हवेत तरंगायचंच थांबलं आणि खाली येत गेलं. 228 जण दगावले. यंत्र सोपं तेवढं स्वतःकडे ठेवतं आणि अवघड झालं की माणसाला हाक मारतं. आणि सोपं कधीच न केल्यामुळे माणसाच्या हाताची सवय गेलेली असते. म्हणून 'यंत्र चालवेल आणि माणूस देखरेख करेल' ही मधली वाट ऐकायला शहाणपणाची वाटली तरी तीच सगळ्यात घसरडी आहे.

माणसाने वाचवलेली विमानंही आहेत. 2009 मध्ये न्यूयॉर्कला पक्ष्यांच्या थव्यामुळे दोन्ही इंजिनं गेलेलं विमान हडसन नदीवर उतरलं, 155 च्या 155 जण वाचले. ती गोष्ट सिनेमामुळे सर्वांना ठाऊक आहे. मला त्याहून बोलकी वाटते ती क्वांटासच्या ए-380 ची. 4 नोव्हेंबर 2010 रोजी सिंगापूरहून निघाल्यावर काही मिनिटांत एका इंजिनाच्या ठिकऱ्या उडाल्या आणि पंखातल्या तारा-नळ्या तुटल्या. संगणकाने बिघाडाचे संदेश एकामागून एक पाठवायला सुरुवात केली, पन्नासहून अधिक. योगायोगाने त्या दिवशी कॉकपिटमध्ये पाच वैमानिक होते. एक विमान सांभाळत होता, बाकीचे संदेशांची छाननी करत होते. काय बिघडलंय ही यादी त्यांनी अखेर बाजूला ठेवली आणि काय चालू आहे याची यादी केली. जवळजवळ दोन तासांनी विमान सिंगापूरलाच उतरलं; 469 जणांना ओरखडाही नाही. असा बिघाड कुठल्याच पुस्तिकेत नव्हता. जो प्रसंग कोणी कल्पिलाच नाही, त्यासाठी कोणी आज्ञावली कशी लिहून ठेवणार?

भारतात सध्या याचंच एक छोटं रूप दिसतं. अमृतसर आणि जम्मूच्या परिसरात विमानांना खोटे जीपीएस संकेत मिळतात, आणि अशा शेकडो घटना सरकारने संसदेत मान्य केल्या आहेत. विमान स्वतःला भलत्याच जागी समजतं, नसलेल्या डोंगराचा इशारा देऊ लागतं. वैमानिक बाहेर बघतो, जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांवरून जागा ताडून घेतो, आणि जीपीएसला गप्प बसवतो. प्रवाशांना कळतही नाही.

मग विश्वास बसायचा कसा? लिफ्टचं उदाहरण नेहमी दिलं जातं. बटणावर चालणारी लिफ्ट विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच होती, पण चालकाशिवाय तिच्यात पाऊल ठेवायला लोक धजत नव्हते. 1945 मध्ये न्यूयॉर्कला लिफ्टचालकांनी संप केला, शहर अडून बसलं, आणि तिथून इमारतींचे मालक स्वयंचलित लिफ्टकडे वळले. मुंबईच्या जुन्या इमारतींत अजून स्टुलावर बसलेला लिफ्टमन दिसतो. तो नसला तर आता कोणी जिने चढत नाही. मेट्रोचंही तेच. दुबई मेट्रो 2009 पासून चालकाविना धावते आणि तिथली मराठी माणसं पहिल्या डब्यात काचेपाशी उभी राहून मुलांना समोरचा रूळ दाखवतात. दिल्लीत मॅजेन्टा मार्गावर 28 डिसेंबर 2020 ला चालकाविना गाडी सुरू झाली, तेव्हा लोकांना धीर म्हणून डब्यांतून फिरणारा एक कर्मचारी ठेवला होता.

पण लिफ्ट आणि मेट्रोत काही बिघडलं तर एक हुकमी इलाज असतो: थांबा. विमानाला ती सोय नाही. पस्तीस हजार फुटांवर थांबणं नावाची सुरक्षित अवस्थाच नसते. काहीही झालं तरी उडत राहून कुठे तरी उतरावंच लागतं. म्हणून मेट्रोवरून विमानाचा निष्कर्ष काढणाऱ्यांशी माझं जमत नाही.

तरी गोष्टी पुढे सरकताहेत, फक्त मोठ्या विमानांच्या दाराने नव्हे. गार्मिन कंपनीची एक यंत्रणा 2020 पासून लहान विमानांत मिळते. वैमानिक बेशुद्ध पडला तर प्रवाशाने एक बटण दाबायचं. मग विमान हवामान, इंधन आणि धावपट्टीची लांबी बघून विमानतळ निवडतं, नियंत्रण कक्षाला रेडिओवर स्वतःच्या आवाजात कळवतं, पडद्यावर प्रवाशाला किती मिनिटं उरली ते दाखवतं, उतरतं, ब्रेक लावतं आणि इंजिन बंद करतं. डिसेंबर 2025 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात खऱ्या आणीबाणीत ती प्रथमच वापरली गेली. केबिनमधला दाब गेल्यामुळे यंत्रणा आपोआप चालू झाली. विमानात प्रवासी नव्हते, दोन वैमानिक होते आणि दोघेही शुद्धीवर होते. त्यांनी ती बंद केली नाही, उतरू दिली.

चीनमध्ये ईहँग कंपनीच्या दोन आसनी, सोळा पंख्यांच्या हवाई टॅक्सीला ऑक्टोबर 2023 मध्ये सरकारी प्रमाणपत्र मिळालं. तिच्यात वैमानिकाला जागाच नाही. त्याच वर्षी अमेरिकेत रिलायबल रोबोटिक्सने सेस्ना कॅरव्हॅन हे मालवाहू विमान आत कोणीही नसताना उडवून उतरवलं. माझा अंदाज असा, की आधी पार्सलं जातील, मग पर्यटकांच्या पाच मिनिटांच्या फेऱ्या, आणि माणसांनी भरलेलं मोठं विमान सगळ्यात शेवटी. पहिल्या काही वर्षांत तरी मी त्यात बसणार नाही. पार्सल खुशाल पाठवीन.

मोठ्या विमानांत मात्र प्रश्न 'शून्य की दोन' असा येणारच नाही, तो 'दोन की एक' असा येईल. एके काळी कॉकपिटमध्ये पाच जण असायचे. रेडिओ चालवणारा गेला, मार्ग काढणारा नेव्हिगेटर गेला, 1980 च्या दशकात फ्लाइट इंजिनिअरची खुर्ची जायला लागली. प्रत्येक वेळी संघटनांनी विरोध केला, प्रत्येक वेळी प्रवाशाला त्याची खबरही नव्हती. आता लांब पल्ल्याच्या उड्डाणात मधल्या वेळी एकच वैमानिक पुढे ठेवायचा आणि दुसऱ्याने झोपायचं, असा विमान बनवणाऱ्यांचा प्रस्ताव आहे. युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने त्याचा अभ्यास करवून घेतला आणि 2025 मध्ये निष्कर्ष आला, की आज तरी याची सुरक्षितता दोन वैमानिकांइतकी असल्याचं सिद्ध करता येत नाही. अडचणी अगदी साध्या आहेत. एकटा माणूस डुलकीला लागला तर? त्याला झटका आला तर हे कोणाला कळणार? आणि त्याला लघवीला जायचं असेल तर?

प्रस्ताव त्यामुळे बारगळलेला नाही, लांबणीवर पडलाय इतकंच. पुन्हा येईल तेव्हा प्रवाशांची मतं कोणी विचारेल असं वाटत नाही. 2001 पासून कॉकपिटचं दार बंदच असतं; आत कोण आहे हे आपल्याला दिसत नाही, स्पीकरवर कॅप्टनचा आवाज तेवढा ऐकू येतो. तिकिटावर आसनक्रमांक असतो, सामानाचं वजन असतं, जेवण शाकाहारी की मांसाहारी हेही असतं. पुढे किती जण बसणार आहेत ते छापलेलं नसतं.